बंद कशानं?

जुन्या वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले.
डावीकडे दाजी पेठ,
उजवीकडे जुळे सोलापूर.

डावीकडे लिहिलं:
दोन खोल्या, खाली सिंगमांचे आठ माग,
जिना अंधारा, भाडं साडेतीन हजार,
भाजीवाली उधार ठेवते.

उजवीकडे:
वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट येणार म्हणतात.
हप्ता अकरा हजार सहाशे, वीस वर्षं.
फिटेल तेव्हा मी त्रेपन्नची.
हे लिहिलं, आणि खोडलं.

पाणी दोन्हीकडे चार दिवसांआड.
तिथं एकच रेघ ओढली,
या रकान्यातून त्या रकान्यात.

रविवारी आईअप्पांना घेऊन गेले.
एजंट हत्तुरे खिडक्या उघडत पुढं पुढं,
'हवा बघा मावशी, हवा!'
आई दाराच्या उंबऱ्याशी बसूनच राहिली,
मांडीवर सूप नसताना
बोटं मात्र पान वळत होती.
'उजेड बरा हाय,' म्हणाली,
'पण विडी वळताना बोलायचं कुणाशी?'
समोरच्या दाराला कुलूप होतं,
त्याच्या शेजारच्या दारालाही.

अप्पा मधल्या खोलीत.
चाळीस वर्षं जॉबरकी,
कान केव्हाच मागांना दिलेले.
त्यांनी भिंतीला तळवा टेकवला,
ताप बघावा तसा.
बराच वेळ.

'लाईट गेली काय?'
'नाही अप्पा, पंखा फिरतोय की.'
'मग बंद कशानं?'

हत्तुरे हसले. मला हसू आलं नाही.
आमच्याकडं माग थांबले
की एक तर वीज गेलेली असते
नाहीतर मालक.
शांततेला तिसरं कारण
आमच्या घरात अजून कुणी पाहिलेलं नव्हतं.

मला मात्र हवी होती ती.
बँकेतून येऊन, चप्पल काढून,
कुणाशी न ओरडता बोलावं,
भांड्यांवर पेळूचा धूर... नाही, धूर नाही,
सुताची ती पांढरी लव बसू नये,
चहात तर नकोच.
एवढंच. लाज वाटावी इतकं थोडं.

हत्तुऱ्यांना 'कळवते' म्हटलं.
परतीची रिक्षा जुनी होती,
सगळे पत्रे वाजत होते,
सात रस्त्याच्या अलीकडे बघितलं तर
अप्पा गाढ झोपले होते,
डोकं दांडीवर,
दांडी थरथरत,
तोंड थोडं उघडं.

आईनं पदराच्या टोकानं त्यांची लाळ पुसली
आणि रिक्षावाल्याला म्हणाली,
सावकाश घे रे बाबा,
पण थांबवू नको.