कॅथोडपाशी

आर्कचा मधला भाग सोपा असतो.
इलेक्ट्रॉन, अणू, आयन तिथे
एकाच तापमानाला नांदतात,
जुन्या चाळकऱ्यांसारखे एकमेकांना सरावलेले.
माझं मॉडेल तिथवर
न कुरकुरता जातं.

अडतं टंगस्टनच्या टोकाशी.
कागदाहून पातळ एक थर
आणि त्यातच जवळजवळ सगळे व्होल्ट कोसळतात.
जाळी बारीक केली. पायरी लहान केली.
रात्री दीड वाजता, गणेशखिंडीतल्या लॅबमध्ये,
पडद्यावर पुन्हा तेच:
उत्तर हाताबाहेर.

शनिवारी भोसरीला गेले,
इलाही तांबोळींच्या शेडमध्ये.
त्यांनी काच माझ्या हातात दिली.
हिरवा अंधार,
त्यात तांदळाएवढा दिवस.
"नुसतं बघू नका, ऐका. आता फरफरेल."
फरफरलं.
"टोक बोथट झालं ना, की आर्क भटकते.
बसायला जागा शोधते."
मग सहाणेवर चंदन उगाळावं तसं निगुतीनं
त्यांनी टोक ग्राइंडरला लावलं,
मला चहा सांगितला,
आणि माझ्या पीएचडीला किती वर्षं झाली ते विचारलं.
मी सहा म्हणाले. सात झाली आहेत.

पान एक्केचाळीस, माझंच अक्षर:
प्रवाह टोकावर सारखा पसरतो असे गृहीत धरू.
खोडलं नाही.
समासात पेन्सिलीनं लिहिलं:
जागा शोधते – तांबोळी, भोसरी.

हिशेब अजून जुळलेला नाही.
मोजले तर चौदा व्होल्ट,
मॉडेलमधून निघतात अकरा.
मधले तीन
सोमवारी बघू.