तूट

शाखा बंद होऊन सात महिने झाले होते,
तरी त्या दिवशी सियागंजला उतरले,
पावणेदहाला, हातात डबा.
आमच्या शटरवर चपलांच्या दुकानाची पाटी.
आतून कोणी विचारलं, "क्या दिखाऊँ, दीदी?"

नंबर भाचीनं दिला. स्नेहलतागंज,
चष्म्याच्या दुकानावरचा मजला,
मंगळवारी चार वाजता ताहेरा मॅडम.
खालून ऐकू येत राहतं, डोळे तपासणारा विचारतो:
हे बरं दिसतं की आधीचं?
हे, की आधीचं?
पहिले तीन मंगळवार मी नुसतं तेच ऐकलं.

मी कॅशियर. एकतीस वर्षं.
खोटी नोट कधी उजेडात धरावी लागली नाही,
अंगठाच अडखळायचा.
चौथ्या मंगळवारी मॅडमनी विचारलं, कैसी हैं,
मी म्हणाले, सब ठीक,
आणि अंगठा अडखळला.
किती वर्षं चालवली मी ही,
घरात, फोनवर, लग्नाकार्यांत,
कुणी परत केली नाही.

मॅडम काही बोलल्या नाहीत.
त्यांना गप्प बसायचे पैसे मिळतात, असं मी भाचीला म्हटलं होतं.
आता ते काम अवघड वाटतं.

मग त्र्याण्णव सालचं निघालं.
दिवाळीआधीचा शनिवार, हिशोबात बाराशे कमी.
तीनदा मोजले, मग पर्समधून घातले,
रजिस्टरात लिहिलं: शिल्लक बरोबर.
महिनाभर घरी बिनदुधाचा चहा.
हे मी जरा ऐटीतच सांगत होते.
"पूछा किसी से?"
कुणाला?
"किसी से भी."

पंखा फिरत होता. खाली तो म्हणत होता, की आधीचं?
मला आईची अंथरुणातली चार वर्षं आठवली,
धाकट्याची इंजिनिअरिंगची फी,
विलास मोघ्यांचं पत्र, उत्तर न दिलेलं.
जिथे कमी पडलं तिथे मी पर्स उघडली
आणि शिल्लक बरोबर.

रडले ते मराठीत.
"अगं आई गं" याला माझ्याकडे हिंदी नाही.
मॅडमनी पाण्याचा ग्लास थोडा माझ्याकडे सरकवला.

बरी झाले, असं नाही म्हणणार.
रात्री बोटं अजून अभ्र्याची कड मोजतात,
शंभरावर थांबून पुन्हा एकपासून.
पण सियागंजची बस दोनदा सोडून दिली.
मॅडम म्हणतात, हेही लिहून ठेवा.

आणि काल, जिन्याखाली, पोह्यांच्या गाडीवर
त्यानं सुटे दिले, मूठ मिटताच कळलं.
वळले. चार पावलं गेलेही.
मग परत आले.
"भैया, पाँच कम हैं."
आवाज जरा मोठाच लागला,
शेजारचा मुलगा जलेबी तोंडाशी धरून बघत राहिला.
जिरावणाचा डबा खाली ठेवून
तो म्हणाला, "अरे हाँ,"
आणि दिलं.

नाणं गरम होतं,
पातेल्याशेजारी ठेवलेलं.