तिसऱ्या चाकाचा माणूस

एप्रिल. लोमेलची वाळू.
गेट पडतं आणि तीस यंत्रं एकाच घशातून ओरडतात.
हँडल वीबेच्या हातात, थ्रॉटल वीबेच्या मुठीत.
माझ्या मुठीत एक लोखंडी कडी
आणि जीव, म्हणतात तसा.

डच लोक मला बाक्केनिस्ट म्हणतात,
पेटीतला माणूस.
पेटी कसली, परातीएवढा पत्रा;
त्यावर माझे दोन बूट मावतात, तेही आळीपाळीने.

उजवं वळण आलं की मी बाहेर,
इतका खाली की हेल्मेटवर खडे वाजतात
आणि चिरडलेल्या गवताचा वास थेट दातांत शिरतो.
डावं आलं की त्याच्या पाठीमागून पलीकडे,
मागच्या चाकावर छाती.
तीस मिनिटं. वर दोन फेऱ्या.
त्या दोन फेऱ्यांचं वय वेगळं धरावं.

वीबेला लात्वियन येत नाही, मला फ्रीजियन.
तो दूध काढायची यंत्रं दुरुस्त करतो,
मी करवतीच्या कारखान्यात फळ्या मोजतो.
आमची भाषा तीन थापांची.
पाठीवर एक: जा.
दोन: मागे कुणीतरी आहे.
तीन: थांब.
ही शेवटची कधी दिलेली नव्हती.

मेमध्ये क्रामोलिन, चिखल, चौदावे.
केगुम्सला पाइनच्या झाडाखाली माझी आई
थर्मास घेऊन, डोळे मिटून उभी.
म्हणाली, बघायचं कशाला,
तुमचं इंजिन खोकतं ते ओळखते मी.

जूनमध्ये किव्हिओलीच्या राखेच्या टेकडीवर
कडी सुटली.
उडी त्याची वेगळी झाली, माझी वेगळी.
हासळीचं हाड. सहा आठवडे.
माझ्या जागी तावेत, एकोणीस वर्षांचा पोरगा,
मानेवर अजून शाळेतल्यासारखे केस.

रुडर्सबर्गला दोरीमागे उभा राहिलो.
इतकी वर्षं त्या पत्र्यावर काढली
आणि आम्ही लांबून कसे दिसतो, ते माहीतच नव्हतं.
एक माणूस गाडी चालवतोय
आणि दुसरा तिची समजूत घालतोय.

प्रत्येक वळणाला मी दोरीमागे वाकायचो,
गळ्यातल्या झोळीत हात घेऊन.
शेजारी सॉसेज खात असलेला म्हातारा
जरा सरकला, जागा दिली, विचारलं काहीच नाही.
नंतर लक्षात आलं, तोही वाकत होता.

ते सातवे आले.
पोरगा चांगला होता. गिळायला वेळ लागला.
रात्री व्हॅनच्या पायरीवर वीबे मोडक्या जर्मनमध्ये म्हणाला,
तो ओरडतो रे सारखा.
तुझ्या थापा बऱ्या.

सप्टेंबर, रोगेनबर्ग, उतरतं कुरण,
कुंपणाला टेकून गाईंच्या घंटा वाजवणारे लोक.
आम्ही आठवे होतो. उरल्या होत्या त्या दोन फेऱ्या.
तेव्हा तिसऱ्या चाकाचे आरे जायला लागले,
एक, मग शेजारचा, मग मोजता येईनात.
त्याला ते दिसणं शक्य नव्हतं.
मी हात उचलला.
एक. दोन.

तिसरी देताना हात जड झाला, खोटं कशाला बोलू.

त्याने मागे वळून पाहिलं नाही.
मूठ सैल केली, बस.
नववे गेले, दहावे गेले, तावेतही कुणा दुसऱ्याच्या गाडीवर
ओरडत गेला, आमच्या अंगावर माती उडवत.
आम्ही गवतात बसलो.
एका मुलीने कुंपणावरून सफरचंद टाकलं.
वीबेने अर्धं खाऊन उरलेलं माझ्याकडे दिलं,
आणि मग पहिल्यांदा चाकाकडे पाहिलं,
बराच वेळ.

वर्षाअखेर आम्ही सतरावे.

आता नोव्हेंबर. कारखान्याच्या अंगणात
बर्फ कुठला नि भुसा कुठला कळत नाही.
मेहुणा गाडी वळवतो, मी दाराकडे झुकतो,
तो दर वेळी हसतो.
मंगळवारी वीबेचा फोन येतो.
बोलायला दोघांकडेही फार काही नसतं.
तो फोनवर बोट आपटतो, एकदा.
मी टेबलावर, एकदा.
मग तो नव्या चाकाची किंमत सांगतो
आणि मी म्हणतो, बापरे.