पाच नंबरची बस

जागा एक. मुदत दोन वर्षं.
अर्ज एकशे त्रेचाळीस.
मी गुनवोर, धातुशास्त्र विभागातली कारकून,
लुलेओच्या तंत्र विद्यापीठात माझे सत्तावीस हिवाळे गेले.
मला पक्की नोकरी आहे आणि पीएचडी नाही.
त्यांचं नेमकं उलटं.

अर्ज उघडायचे, छापायचे, टाचायचे.
वाचायचे नाहीत, असं कुणी म्हटलेलं नाही.
एकाला आमच्या विद्यापीठाची म्हणे लहानपणापासून ओढ,
आणि खाली नाव राहून गेलंय आखेनचं.
एकाचे शोधनिबंध एकोणतीस, पत्ते सात:
ब्रनो, पोर्तो, पुन्हा ब्रनो, पुढचे मी मोजले नाहीत.
माणूस कुठला ते कळत नाही,
कुठकुठला होता एवढंच कळतं.

टिमेआ हालासचा अर्ज शेवटच्या रात्री आला,
अकरा एक्कावन्नला, मिश्कोल्त्सहून.
विषय: थंडीत पोलादाला जाणारे तडे.
उणे तीसला पोलाद काचेसारखं वागतं म्हणे.
कुरकुर नाही, वाकणं नाही,
तुटतं ते एकदम.
माझा नवरा एकतीस वर्षं पोलाद कारखान्यात,
त्यानं हे कधी सांगितलं नव्हतं.

पत्राच्या तळाशी, सहीच्याही खाली,
तिनं विचारलं होतं:
जानेवारीत विद्यापीठापर्यंत बस असते का?
मला गाडी चालवता येत नाही,
आणि मुलगा सहा वर्षांचा आहे.

समितीनं ते पान उलटलं नाही.
तक्त्यात रकाने होते, निबंध, अनुदानं, शिफारशी.
बसचा रकाना नव्हता.
ती तिसरी आली.
तिसरं येणं शर्यतीत ठीक असतं;
इथे पहिला सोडून सगळेच एकशे त्रेचाळिसावे.

नकाराचा मजकूर तयार असतो.
"उत्तम अर्ज मोठ्या संख्येनं आले."
हे खोटं नाही, म्हणूनच जास्त लागतं.
दुपारभर मी नुसती नावं बदलत बसले.
खिडकीबाहेर समुद्र गोठलेला,
लोक त्यावरून बेटाकडे गाड्या नेत होते,
बर्फ किती जाड ते पाटीवर वाचून.
या पोरांसाठी कुणी अशी पाटी लावत नाही.

तिचं नाव आलं तेव्हा हात थांबला.
मजकुरात फेरफार करायची मुभा नाही,
म्हणून तिच्यासारखंच सहीखाली लिहिलं:
बस आहे. पाच नंबर. जानेवारीतही दर वीस मिनिटांनी,
रात्री सव्वादहापर्यंत.
थांब्याला काचेचा आडोसा आहे.
सहा वर्षांच्या मुलाला तिकीट पडत नाही.

पाठवलं, आणि मग मेल्याहून मेल्यासारखं झालं.
दार लावून घेतलं मी तिच्या तोंडावर
आणि वर पायपुसणं किती मऊ ते सांगितलं.

उत्तर आलं मे महिन्यात,
बर्फावरचा रस्ता बंद झाल्यावर.
थांबा नकाशावर सापडला.
समोर आहे ती बेकरी का?
मी सध्या टायरच्या कारखान्यात, संध्याकाळची पाळी.
मुलगा रोज विचारतो, पाच नंबर पुढे कुठे जाते.

काल नवी जाहिरात आली टाइप करायला.
जागा एक. मुदत अठरा महिने.
तिला आधी हे कळवावं,
की आधी बेकरीचं सांगावं?
बेकरी दोन वर्षांपूर्वीच बंद पडली.
नकाशाला अजून पत्ता नाही.