बिनतारी

राजारामपुरीत, आठव्या गल्लीत,
अन्सारच्या दुकानात आम्ही दोघं बसलोय.
काचेवर त्यानं पांढरे ठोकळे मांडलेत,
साबणाच्या वडीएवढे.
"हा दाराला, काका. हा खिडकीला.
हा कोपऱ्यात, माणूस हलला की ओळखतो."
"आणि मांजर?" शालन विचारते.
"पंचवीस किलोच्या आतलं काही असलं
तर गप्प बसतो, काकू."
शालन वहीत लिहिते: मांजर चालेल.

मी तार शोधतोय.
एकतीस वर्षं उद्यमनगरात फाउंड्रीत काढली,
भट्टीपासून पंख्यापर्यंत कुठली तार कुठं जाते
अंधारात हातानं सांगायचो.
इथं दाराचा ठोकळा भिंतीवरच्या डब्याशी बोलतो,
डबा भोंग्याशी, भोंगा मोबाईलशी,
मधे नुसती हवा.
"तुटलं तर?"
"तारच नाही, काका. तुटेल काय?"
हसला पोरगा. बरोबरच आहे त्याचं.

मग भोंगा वाजवून दाखवला. एकशे दहा डेसिबल.
समोर रसवंतीवाल्यानं चरक थांबवला,
शालननं कानात बोटं घातली,
आणि मला वाटलं, लांब कुठंतरी
कुणाच्या तरी कुकरची शिट्टी होतीय.
भट्टीनं कान घेतले ते घेतलेच.
"ह्याच्यापेक्षा मोठा नाही?"
"ह्याच्यापुढं गल्लीच पोलिसांत जाईल, काका."

जवाहरनगरात दिवाळीपासून तीन घरं फुटली.
कदमांकडं तर कपाट उचकटून झाल्यावर
चोर निवांत जेवून गेले.
तांबडा संपवला, पांढऱ्याला हात लावला नाही.
कदम अजून त्याचंच सांगत बसतात.

आमच्यात न्यायला काय आहे म्हणा.
साज होता शालनचा, आईकडचा, चार पाटल्या होत्या.
ते गेलं त्याला तीन वर्षं झाली.
कुलूप शाबूत, कोयंडा शाबूत,
कडी तेवढी आतून निघालेली.
हवालदार आला तेव्हा आम्ही म्हटलं,
कुठंतरी ठेवून विसरलो असू, वय झालं.
पोरगा कुठाय म्हणाला. पुण्याला, म्हटलं. नोकरीला.
करकरती चप्पल हौसेनं करून घेतली होती धैर्यशीलनं,
ती त्या रात्री हातात धरून गेला असणार.
माझ्यासाठी घालून गेला असता तरी चाललं असतं.
शालनला काय ऐकू आलं
ते मी विचारलं नाही.

"आतून दार उघडलं तर वाजतो का?"
माझ्या तोंडून निघून गेलं.
"चालू ठेवलात तर वाजतो. पण आतून
कोण चोरी करतंय, काका?"
शालननं वहीचं पान उलटलं.
पुढचं पान कोरंच होतं. ते वाचत राहिली.

मधला घेतला. सिमकार्डवाला.
बॅटरी वर्षभर, गॅरंटी दोन वर्षं,
भोंगा बसवायला अन्सार स्वतः आला,
चहा घेतला, शिडीवरूनच म्हणाला,
"चार आकडे सांगा, काकू. ते दाबले की गप्प बसतो."
"शून्य नऊ एक एक."
"जन्मतारीख नको. ओळखीतला चोर
पहिल्यांदा तीच दाबून बघतो."
"बघू दे की," शालन म्हणाली,
आणि त्याच्या बशीत आणखी दोन खारी ठेवल्या.

आता रात्री कोपऱ्यात हिरवा ठिपका
लागतो, विझतो.
मांजर त्याच्याखालनं जाऊन येतं,
तो काही म्हणत नाही.
चोर आला तर गल्ली जागी होईल,
मीसुद्धा, कदाचित.
पण चार आकडे बरोबर पडले
तर नुसतं बारीक टिंग होतं म्हणे.
अन्सारनं दोनदा करून दाखवलं,
मी दोनदा मान हलवली.

मला ते ऐकू येत नाही.
शालन जागी असते.