शेजारी एक कागद ठेव

ताम्पेरेत, तिसऱ्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत
आर्तो केस्किनिवा दिवसभर दिवे बदलतो.
आधी बल्ब, मग ट्यूब, मग ढगाळ दुपार,
मग मेणबत्तीपेक्षा थोडं बरं असं काहीतरी.
समोर चोवीस रंगांची पाटी,
प्लास्टिकची केळी, लोकरीचा गुंडा,
आणि फक्त मानेपासून वर असलेली एक बाई.
तिचं नाव कुणीतरी मार्केत्ता ठेवलंय.

फोनला शिकवायचं ते एवढंच:
उजेड कसलाही असो, पांढरं ते पांढरं.
फोन बिचारा अंदाज बांधतो.
सगळ्या चित्राची सरासरी राखाडी धरतो
आणि उरेल ते दिव्याच्या खात्यावर टाकतो.
उधारी दिव्याची, वसुली रंगाकडून.

कातडीचं मात्र वेगळं.
कातडी खरी दाखवली की लोक फोन परत करतात.
म्हणून गेल्या उन्हाळ्यात आर्तोने एक आकडा
किंचित, अगदी चिमूटभर, गुलाबीकडे सरकवला.
त्या चिमटीबद्दल त्याला बढती मिळाली
आणि ऑफिसात केक.

डिसेंबरात बहिणीचा फोटो आला, उत्स्योकीहून.
तिथे सूर्य नोव्हेंबरात जातो
तो जानेवारी अर्धा सरल्यावर परततो.
स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली पाच दिवसांचं बाळ,
नदीतल्या ताज्या सामन माशासारखं गुलाबी.
"बघ, काय रंग धरलाय," साइयाने लिहिलं होतं.
"झोपतो मात्र फार. दुधाला उठवावं लागतं."

आर्तोने फोटो मोठा केला.
तो गुलाबी त्याने ओळखला,
जुन्या वहीत आपलंच अक्षर ओळखावं तसा.

शेजारी एक कागद ठेव. पुन्हा काढ.

कागद आला. किराणा यादीची पाठकोरी बाजू,
पलीकडची शाई उमटलेली:
मीठ, बॅटऱ्या, कॉफी, पुन्हा कॉफी.
कागद पांढरा. बाळ गुलाबी. दिवा निर्दोष.
सगळे साक्षीदार एकाच वकिलाने पढवलेले.

कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं, म्हणतात.
इथे पिवळं होतं ते जग,
आणि बघणाऱ्याला कावीळ नव्हती,
हीच तर पंचाईत.

"फोटो राहू दे," तो फोनवर ओरडलाच जवळजवळ.
"दिवा मालव. खिडकीशी ने त्याला. बारा वाजलेत ना?"
बाराच्या सुमाराला तिथे बर्फावर निळा उजेड उतरतो,
आर्तो रोज पुसून पांढरा करतो, तोच.
"नाकावर बोट दाब. उचल. काय दिसतं?"

पलीकडे बराच वेळ नुसता कुत्र्याचा श्वास.
साइया रंगांची बाई नव्हे,
ती स्नोमोबाइल दुरुस्त करते.
"कोरं ऑइल असतं ना," ती म्हणाली,
"डब्यातून नुकतं ओतलेलं. तसं."

रोव्हानिएमीपर्यंत साडेचारशे किलोमीटर. उणे एकोणतीस.
गाडी ओल्ली चालवत होता, आणि साइया
दर थांब्यावर बाळाच्या नाकावर बोट दाबत होती,
जणू तिथे बटण आहे.

रात्री दुसरा फोटो. डोळ्यांवर पट्टी,
वरून हॉस्पिटलचा निळा, खरोखरीचा निळा दिवा,
औषध म्हणून लावलेला.
फोनने तोही पांढरा करायला जिवाचं रान केलं होतं.
निघालं काय, तर जांभळट राख.
"रंग कसातरीच आलाय," तिने लिहिलं. "तुझ्या फोनला सांग."
मग एक मिनिटाने: "प्यायला. स्वतःहून उठला."

जानेवारीअखेर पाकीट आलं. आत चिठ्ठी नाही,
फक्त तो कागद.
आर्तोने जिन्यातल्या खिडकीशी नेऊन पाहिला
आणि उलटा करून पुन्हा पाहिला.
कागद पांढरा नव्हताच मुळी.
स्वस्तातला, सायीच्या रंगाचा,
एका कोपऱ्यावर ग्रीसचं बोट.

आता तो पाटीशेजारी टाचलेला आहे.
तो कुठल्या दिव्याचा, कुणी विचारलेलं नाही अजून.
मार्केत्ता अजूनही त्याच गालांनी बघते.
त्या आकड्यावर सोमवारी बैठक आहे.