पालथा हात

अमळनेरात मे महिन्यात
दुपारी दोनला काही करू नये.
भांडू नये, होकार देऊ नये,
आणि प्रोसेसरचा वेग तर मुळीच वाढवू नये.

आतेभावाने दोन वर्षं घासलेला फोन
बावीसशेला माझ्याकडे आला.
पैसे आल्याचा आवाज त्यातून निघेस्तोवर
गिऱ्हाईक मोटार टेम्पोत टाकून
पारोळ्याच्या वाटेला लागलेलं असतं.
आबा म्हणतात, नवा घे.
मग गल्ला उघडतात, बघतात,
आणि पक्कड शोधायला लागतात.

म्हणून पहाट निवडली.
चार वाजता, ओट्यावर, एकतीस अंश.
सुरतेची गाडी निघून गेलेली,
समोरच्यांचा कूलर पाणी संपून नुसताच घरघरत होता.

सगळं आदल्या रात्रीच उतरवून ठेवलेलं:
आबांची रिवाइंडिंगची वही, पानन् पान फोटो काढून,
कुठल्या मोटारीला किती वेढे, किती गेजची तार,
आणि भिलाचे चार मेसेज
जे पुसते पुसते म्हणत तीन वर्षं पुसले नाहीत.
कारण बूटलोडरचं कुलूप निघालं
की फोन जन्मल्यासारखा कोरा होतो.

भिला म्हणाला होता, माझ्या गोळ्याच्या गाडीवर आण,
बर्फाच्या लादीवर ठेवू, पळव किती पळवायचा तो.
अरे, गार काचेला पाणी सुटतं.
ते आत शिरलं
की तुझ्या बर्फाचं कौतुक कुणाला सांगू?

नवा कर्नल बसला.
कव्हर काढलं, चार्जर लांब ठेवला.
एक पायरी वर. पंधरा मिनिटं मुद्दाम राबवला.
बॅटरी अडतीस.
दुसरी पायरी. एक्केचाळीस.
तिसरी.
चव्वेचाळीस, म्हणजे आमच्याकडे माणसंही सोसतात इतकं.

व्होल्टेजला मात्र हात लावला नाही.
जळलेल्या वार्निशचा वास मी
दूधभाताच्या वयापासून ओळखते.
गोडसर असतो, सुरुवातीला आवडतोसुद्धा.

चौथ्या पायरीवर पडदा थिजला.
घड्याळ चार अठ्ठावन्न. मग चार अठ्ठावन्न.
मग मी श्वास घेतला तरीही चार अठ्ठावन्नच.
बटण दाबून धरलं, दहापर्यंत मोजलं,
खरं तर सतरापर्यंत.
तो उठला, आपल्या जुन्या चालीनं,
जणू काही झालंच नाही.
'चालू होताना हाच वेग ठेवा'
यापुढचा चौकोन मी रिकामा सोडला होता.
माझं सगळं शहाणपण तेवढ्या चौकोनात मावतं.

तिसरी चालत होती. तरी दुसरीवर आले.
पहाटे जे चालतं ते दुपारी चालेलच असं नाही,
आणि दुपार तर येणारच होती.

"काय करी ऱ्हायनी वं?"
आबा दारात, बनियनवर, डोळे अर्धे.
मी फोन पुढे केला.
त्यांनी हात लावला तो पालथा,
चालत्या मोटारीला लावतात तसा.
शॉक बसला तर बोटं आवळतात,
सरळ हात चिकटून राहतो, पालथा सुटतो;
हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही,
मी बघत आले.
बराच वेळ ठेवला.
मला वाटलं, उभ्याउभ्या झोपलेच.
"कोमट शे," म्हणाले,
आणि तांब्या घेऊन न्हाणीकडे गेले.

दुपारी बेटावदचा एक जण
पाच एचपीची मोटार न्यायला आला.
त्याचा फोन खिशात जायच्या आत
आमच्याकडे पैसे आल्याचा आवाज झाला.
तो दचकला.
आबांनी मुद्दाम वर पाहिलं नाही,
वेढे मोजत राहिले, पण आकडा चुकले,
पुन्हा पहिल्यापासून.

बॅटरी चव्वेचाळीस. दुसरीच पायरी.
चौकोन अजून रिकामा आहे.
आठवडाभर तसाच ठेवणार,
एखादी सेहेचाळीसची दुपार निभली, की मग बघू.

भिलालाही मी
इतकंच सांगितलंय.